नाकातला जंतू आणि बिनपगारी हात

हावडा-मुंबई मार्गावर दुर्ग, भिलाई, चरोदा मागे टाकून गाडी रायपूरच्या दिशेने निघाली की खारून नदीच्या अलीकडे कुम्हारी हे लहानसे स्टेशन लागते. नागपूर, गोंदिया, डोंगरगड भागातल्या आमच्या कितीतरी रेल्वे बांधवांची उमेदीची वर्षे चरोद्याच्या यार्डात आणि शेडमध्ये गेली आहेत. त्यांना हे नाव परके नाही. ९ एप्रिल २०२४ च्या रात्री याच कुम्हारीजवळ कामावरून घरी परतणाऱ्या कामगारांची बस मुरुमाच्या खाणीच्या खड्ड्यात कोसळली. बारा जण मृत्युमुखी पडले. उरलेल्यांना रायपूर-भिलाईच्या रुग्णालयांत हलवण्यात आले. कामगारांनी भरलेली गाडी रात्रीच्या वेळी खाणीत जातेच कशी, याचा जाब मागणे हे कामगार संघटनांचे काम आहेच. पण आज आम्ही लिहीत आहोत ते अशा अपघातातून जिवंत उरणाऱ्या माणसाविषयी आणि त्याहूनही अधिक, त्याच्या जखमेला हात लावणाऱ्या माणसाविषयी.

हाड मोडलेला, कातडी फाटलेला माणूस वॉर्डात दोन-तीन आठवडे पडून राहतो. मोठे डॉक्टर सकाळी फेरीला येतात, केसपेपर पाहतात, दोन शब्द बोलतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. जखमेवरची पट्टी काढणारी, पू पुसणारी, सलाईनची सुई लावणारी, ताप पाहणारी, बेडपॅन देणारी व्यक्ती बहुतेक वेळा वेगळीच असते. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असते किंवा नुकताच इंटर्न झालेला मुलगा असतो. भिलाई-दुर्ग-रायपूरच्या पट्ट्यात आज वैद्यकीय, दंतवैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण अशी महाविद्यालये उभी आहेत. कुम्हारीसारख्या गावातही फार्मसीचे महाविद्यालय आहे. तेथे शिकणारी मुले कोणाची आहेत? बरीचशी तुमची-आमचीच. गँगमनची मुलगी, पोस्टमनचा मुलगा, सोसायटीचे कर्ज काढून फी भरलेली. रुग्णालयाच्या हजेरीपटावर त्यांचे नाव कामगार म्हणून नसते. काम मात्र पूर्ण पाळीचे असते.

काही महिन्यांपूर्वी चरोद्याहून निवृत्त झालेला आमचा एक जुना सहकारी भेटायला आला. त्याची धाकटी मुलगी जी.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संस्थेचे नाव येथे देण्याचे कारण नाही. वॉर्डात लागोपाठ काही जखमा चिघळल्या म्हणून विद्यार्थिनींच्या नाकातून नमुने घेण्यात आले आणि तिच्या नमुन्यात औषधांना न जुमानणारा स्टॅफ जंतू निघाला. तिला ना ताप, ना गळू, ना खोकला. दुसऱ्या दिवशी तिचे नाव फळ्यावर लागले आणि वसतिगृहातून घरी जाण्यास सांगण्यात आले. औषध कोणते घ्यायचे, किती दिवस घ्यायचे, पुन्हा तपासणी कोण करणार, हे कोणी सांगितले नाही. “भाऊ, पोरीनं चोरी केल्यासारखं वागवून राहिले,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने विचारले, “घरी मोठ्या पोरीचं तान्हं बाळ आहे. हिला घरात घ्यायचं का?”

तीस-पस्तीस वर्षे रुळांवर काढलेल्या माणसाने आपल्याच मुलीविषयी असा प्रश्न विचारावा, याचा आम्हांला धक्का बसला. म्हणून या जंतूची गोष्ट नीट सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे त्याचे पूर्ण नाव. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घडासारखा दिसतो, तबकडीत वाढवला की सोनेरी छटा येते, म्हणून ‘ऑरियस’. केसतूड, गळू, काळपुळी, चिघळलेली जखम यांमागे बहुतेकदा हाच असतो. पण त्याचे नेहमीचे बिऱ्हाड म्हणजे माणसाच्या नाकपुडीचा पुढचा भाग. धडधाकट माणसांपैकी साधारण चारांतल्या एकाच्या किंवा तिघांतल्या एकाच्या नाकात तो कोणताही त्रास न देता राहतो. आपल्या शाखेच्या सभेला तीस माणसे जमली तर आठ-दहा जण त्याला घेऊनच बसलेले असतात. त्यांना वाहक म्हणतात. वाहक म्हणजे रोगी नव्हे. जंतू नाकातून बोटावर, बोटावरून दुसऱ्याच्या उघड्या जखमेवर किंवा रक्तवाहिनीत घातलेल्या नळीवर गेला म्हणजे मात्र खरा धोका सुरू होतो.

पेनिसिलिन आले तेव्हा हा जंतू हार खाऊन गेला असे वाटले होते. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्या वर्षापासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. गरिबाच्या पोराला परवडेल असे औषध सरकारी कारखान्यात मराठी कामगारांच्या हातून निघत होते, ही लहान गोष्ट नव्हती. (त्याच कारखान्याची मोक्याची विक्री करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये घेतला. त्याविषयी लिहायचे तर हा अंक पुरणार नाही.) परंतु पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच इशारा देऊन ठेवला होता की, अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. तसेच झाले. पेनिसिलिन तोडून टाकणारे स्टॅफ जंतू दशकभरात रुग्णालये भरून टाकू लागले. त्यांच्यावर उपाय म्हणून १९५९ साली इंग्लंडात मेथिसिलिन वापरात आले आणि १९६१ साली त्यालाही दाद न देणारे जंतू तेथेच सापडले. मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ तो एम.आर.एस.ए.

या जंतूने केले काय? पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे जंतूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचेच हात धरतात, त्यामुळे भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटतो. एम.आर.एस.ए.ने दुसरा गवंडी ठेवला. त्याच्या हातांना औषध चिकटतच नाही. या नव्या गवंड्याची कृती मेक-ए नावाच्या जनुकात लिहिलेली असते. ते जनुक असले की पेनिसिलिनपासून सेफॅलेक्सिनपर्यंत रोजच्या वापरातली जवळजवळ सारी फळी निकामी होते. मग व्हॅन्कोमायसिनचे सलाईन लावावे लागते किंवा लिनेझोलिडसारखी औषधे काढावी लागतात. रुग्णालयातला मुक्काम वाढतो, खर्च वाढतो आणि ज्याची रजा संपली आहे त्याचा पगारही जातो.

आपल्या देशात हे प्रमाण केवढे आहे? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई, दिल्ली व बंगळूर येथील एका पाहणीत रुग्णांकडून मिळालेल्या स्टॅफ जंतूंपैकी सुमारे ३२ टक्के जंतू अनेक औषधांना न जुमानणारे निघाले होते. २००८ व २००९ साली देशातील पंधरा केंद्रांनी मिळून तपासणी केली तेव्हा एम.आर.एस.ए.चे प्रमाण अनुक्रमे ४२ व ४० टक्के आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातील रुग्णालयांत ते २०१६ साली २८.४ टक्के होते, २०२१ साली ४२.६ टक्के झाले. हे आकडे आजारी माणसांच्या जखमा-रक्तातून काढलेल्या जंतूंचे आहेत, शंभर माणसांमागे बेचाळीस जण बाधित असा त्यांचा अर्थ नाही, हे ध्यानात ठेवावे. नाहीतर आकडा ऐकून घाबरायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे, एवढेच होते. जगभराचा हिशेब मांडणाऱ्या अभ्यासाने २०२१ या एका वर्षात एम.आर.एस.ए.च्या औषधप्रतिकारामुळे झालेले मृत्यू सुमारे १ लाख ३० हजार धरले आहेत. १९९० साली ते ५७ हजारांच्या आसपास होते. आणखी एक गोष्ट आपल्या अभिमानाला फारशी पोषक नाही. ‘बेंगॉल बे क्लोन’ या नावाने ओळखली जाणारी या जंतूची एक जात भारतीय उपखंडातच १९६० च्या दशकात उपजली, १९९० च्या दशकात तिने एकदम अनेक औषधांचा प्रतिकार कमावला आणि मग ती देशोदेशी पसरली. मुंबईच्या रुग्णांतही ती सापडल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले आहे.

वैद्यकीय, दंतवैद्यकीय व नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या नाकांची तपासणी देशोदेशी झालेली आहे. बहुतेकांच्या नाकातला स्टॅफ साधाच, औषधाला दबणारा असतो. थोड्यांच्या नाकात एम.आर.एस.ए. निघतो. वॉर्डात जाऊ लागलेल्या विद्यार्थ्यांत प्रमाण वाढल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, सर्वच अभ्यासांत नाही. यातून आम्ही काढतो तो अर्थ साधा आहे. मुलगी घरून हा जंतू घेऊन आली असेल, हे शक्य आहे; पण पहिल्या दिवसापासून ती अशा ठिकाणी उभी आहे जेथे तो तिला मिळण्याची शक्यता कोणाही शिपाई-कारकुनापेक्षा अधिक आहे. कोळसा उतरवणाऱ्याच्या फुप्फुसात धूळ सापडली तर त्याने ती धूळ खाणीत नेऊन टाकली असे आपण म्हणत नाही.

व्हिएन्नाच्या प्रसूती रुग्णालयातली इग्नाझ सेमेलवाइसची हकिगत काहींनी वाचली असेल. १८४७ साली त्याच्या ध्यानात आले की, ज्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी बाळंतिणी तपासत त्या विभागात मृत्यू फार होत. सुइणींच्या विभागात कमी. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच वॉर्डात येत. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरांतल्या अठरा बाळंतिणी दगावल्या. मेच्या मध्यापासून क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली आणि जूनमध्ये हे प्रमाण दोनांवर आले. आमच्या दृष्टीने या हकिगतीतला मुद्दा असा की, सेमेलवाइसने विद्यार्थ्यांना हाकलले नाही. दाराशी घंगाळ ठेवले.

आज ते घंगाळ कोठे आहे? आम्ही जी सार्वजनिक रुग्णालये पाहतो तेथे कितीतरी वॉर्डांत बेसिन एक, नळ गळका, साबणाची वडी आदल्या दिवशीच विरघळलेली, हात पुसायला एकच टॉवेल. खाटांमधून चालायला जागा नाही, खाली गाद्या टाकलेल्या. एका विद्यार्थिनीने एका पाळीत जितक्या रुग्णांना हात लावावा लागतो, तितक्या वेळा नियमाप्रमाणे हात धुवायचे ठरवले तर तिला दुसरे काही करायला वेळच उरणार नाही. स्पिरिटयुक्त द्रावणाची बाटली प्रत्येक खाटेशी टांगली तर हा वेळ अर्ध्या मिनिटावर येतो. बाटलीला पैसे लागतात. आणि मग सोपा मार्ग उरतो तो फळ्यावर नाव लावण्याचा. त्याला पैसे लागत नाहीत.

इंग्लंडने १९८३ नंतर सरकारी रुग्णालयांची साफसफाई कंत्राटदारांसाठी खुली केली. नव्वदीच्या दशकात तेथे एम.आर.एस.ए.ने थैमान घातले तेव्हा, सफाई कामगार निम्मे करून रुग्णालये स्वच्छ कशी राहतील, असा सवाल तेथील कामगार संघटनांनी केला. कंत्राटी सफाई हेच एकमेव कारण होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु २००१ पासून रक्तातील एम.आर.एस.ए.ची प्रत्येक घटना मोजणे व कळवणे बंधनकारक झाले, २००४ साली ती निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले, हातस्वच्छता, सफाई व तपासणी यांवर खर्च करण्यात आला. २००३-०४ मध्ये सुमारे ७,७०० असलेल्या घटना २००८-०९ मध्ये तीन हजारांच्या आत आल्या. म्हणजे हे दैव नव्हे. मोजले, पैसे टाकले, माणसे लावली की आकडा खाली येतो.

कायद्याची बाजूही पाहू. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती. तिच्या अगदी पहिल्या नोंदीत, संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून जडणारे संसर्गजन्य रोग होते, आणि त्या कामांत आरोग्यसेवा व प्रयोगशाळेतील काम स्पष्टपणे घातलेले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही यादी आलेली आहे. पण विद्यार्थिनी ‘कर्मचारी’ ठरत नाही. पाळी करते, रात्रपाळी करते, सुई टोचून घेते. नुकसानभरपाईची वेळ आली की ती शिकायला आलेली असते. शिवाय नर्सिंग परिषदेच्या नियमाप्रमाणे वॉर्डातली हजेरी पदविका हाती पडण्यापूर्वी शंभर टक्के भरून द्यावी लागते. म्हणजे घरी बसवलेला प्रत्येक दिवस तिच्याच खात्यावर मांडला जातो.

संघटना असली की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत निवासी डॉक्टरांना क्षय होत असे, अजूनही होतो. काहींचा त्यात अंत झाला. जुलै २०१५ मध्ये ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने संप केला तेव्हा क्षयासाठी वेगळी रजा ही त्यांची एक मागणी होती. रुग्णाकडून जडलेल्या रोगाची रजा डॉक्टरच्या हक्काच्या रजेतून का कापावी, हा त्यामागचा सरळ प्रश्न. नर्सिंगच्या मुलींना ‘मार्ड’ नाही. वसतिगृहाची अधीक्षिका आहे.

आमची मागणी अशी की, विद्यार्थ्यांच्या नाकाची तपासणी जरूर व्हावी, पण ती वॉर्डात खरोखरच साथ आली असेल तेव्हा, आणि मोठ्या डॉक्टरांपासून सफाई कामगारांपर्यंत सर्वांची. निष्कर्ष बंद पाकिटात संबंधितालाच द्यावा. वाहक निघाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने मुपिरोसिनचे मलम नाकात दिवसातून दोनदा पाच दिवस लावणे व क्लोरहेक्सिडीनने अंघोळ करणे, असा उपाय ठरलेला आहे. त्याचा खर्च संस्थेने सोसावा. त्या काळात गेलेले दिवस हजेरीत धरावेत. मलम सरसकट सगळ्यांच्या नाकात लावण्याचा उत्साह मात्र नको; तसे केल्याने जंतू मुपिरोसिनलाही सरावतो, हे दिसून आलेले आहे. रेल्वेची रुग्णालये आपल्या पैशांवर चालतात. भायखळा असो, मुंबई सेंट्रलचे जगजीवनराम असो की नागपूरचे, तेथे खाटेमागे हात धुण्याची काय सोय आहे आणि वर्षभरात किती जखमा एम.आर.एस.ए.ने चिघळल्या, हे आपल्या प्रतिनिधींनी बैठकीत विचारावे. बोनसच्या प्रश्नाइतकाच हा आपल्या खिशाचा व जिवाचा प्रश्न आहे.

आता थोडे आपल्याकडे. भिलाईपासून दूर नसलेल्या दल्ली-राजहराच्या लोहखनिजाच्या खाणीतील कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमांतून शहीद हॉस्पिटल उभे केले. छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघाच्या पुढाकाराने ते ३ जून १९८३ रोजी सुरू झाले. १९७७ च्या गोळीबारात मेलेल्या अकरा कामगारांच्या स्मृतीसाठी हे नाव. शंकर गुहा नियोगींची भिलाईत २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण त्यांच्या चळवळीने चालवलेला औषधांचा प्रचार फारसा कोणाला ठाऊक नाही. बिनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना असे डॉक्टर तेथे होते आणि कामगारांच्याच घरची मुले-मुली आरोग्यसेवक म्हणून तयार झाली. साध्या जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी पुरते, साध्या सर्दीला प्रतिजैविक लागत नाही, ताकदीची सुई म्हणजे खिशाला भोक, हे त्यांनी खाणकामगारांना पटवले. सुई न देणारा डॉक्टर म्हणजे डॉक्टरच नव्हे, अशी समजूत असलेल्या वस्तीत हे काम किती कठीण, ते आम्ही जाणतो. आपल्या कॉलनीतही तीच समजूत आहे.

सर्दी झाली की औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या कॅप्सूल चिठ्ठीवाचून आणायच्या, बरे वाटले की उरलेल्या डब्यात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याला द्यायच्या. कडक प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नयेत व विक्रीची नोंद ठेवावी असा एच-१ परिशिष्टाचा नियम मार्च २०१४ पासून आहे. दुकानदार तो पाळत नाही, आणि आपणही पाळू देत नाही. पण हेही खरे की, ताप असताना ट्रॅकवर जाणारा माणूस हौसेने कडक गोळी मागत नाही. त्याला उद्या ड्यूटीवर उभे राहायचे असते, रजेचा अर्ज परत आलेला असतो. ग्रामीण डाक सेवकाला तर खात्याच्या नियमित कर्मचाऱ्याप्रमाणे वैद्यकीय रजाच नाही. रजा नाकारणारा अधिकारी देशाच्या औषधप्रतिकारात भर घालत असतो, असे म्हटले तर तो हसेल. हसू दे. आम्ही ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेणार आहोत.

आमच्या सहकाऱ्याला आम्ही उत्तर दिले ते असे. पोरीला घरात घ्या. तिचा टॉवेल, वस्तरा-कंगवा वेगळा ठेवा, जखम असली तर झाकून ठेवा, बाळाला उचलण्यापूर्वी साबणाने हात धुवायला सांगा. ते तर घरातल्या सगळ्यांनीच करायचे आहे. घरात कोणाचे नुकते ऑपरेशन झाले असेल किंवा कोणी डायलिसिसवर असेल तर डॉक्टरांना सांगा. त्याने मान हलवली, चहा घेतला, निघताना म्हणाला, “बाळाला तर तिनं कालच घेतलं, भाऊ. मीच उगा डोळ्यांवर पट्टी बांधून बसलो होतो.”

मलमाची ट्यूब त्याने स्वतःच्या पैशाने आणली. पाच दिवसांच्या उपायानंतर घेतलेला नमुना स्वच्छ आला आणि मुलगी परत रुजू झाली. तिचे अकरा दिवस भरून द्यायचे बाकी आहेत. सध्या ती ते शस्त्रक्रियेच्या वॉर्डात रात्रपाळीने भरते आहे. त्या वॉर्डात बेसिन अजून एकच आहे.